गाभ्याला लावलेलं कुलूप

"अर्धवट अपडेट करून ठेवलंय हिने, दुसरं काय," थोरले खुर्ची मागे सरकवत म्हणाले. "निम्मं नवं, निम्मं जुनं. मग कार्ड चालणार कसं?"

रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागात त्या वेळी नेमके सगळे हजर होते. दारात अधीक्षक उभे होते. लॅबच्या बाई तपासणी यंत्राच्या पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचत होत्या आणि दोन तंत्रज्ञ ते हाताने लिहून घेत होते. आणि जिच्याकडे बोट दाखवून थोरले बोलले ती धाकटी त्यांच्या खुर्चीच्या मागेच उभी होती, हातात स्क्रू-ड्रायव्हर धरून.

थोरले आणि धाकटी ही रुग्णालयाने ठेवलेली नावं. संगणक विभागात माणसं दोनच. त्यातले थोरले इतकी वर्षं तिथे होते, की भिंतीतली कुठली तार कुठून कुठे जाते हे तार टाकणाऱ्या कंत्राटदारानेही त्यांनाच विचारावं. धाकटी गेल्या वर्षी करारावर लागलेली. हुशार, बडबडी, आणि प्रश्न विचारायची भारी हौस. या हौसेपायी थोरल्यांचा चहा कितीदा थंड झाला असेल. तरी ते घरी गेल्यावर बायकोला तिचं कौतुक सांगत. तिच्या तोंडावर मात्र कधी चुकूनही नाही.

"सर, मी अपडेट केलं, पण गाभा..." धाकटी बोलायला लागली.

"आधी ऐकायला शिक," थोरले म्हणाले. "तोंड नंतर उघडायचं."

एक तंत्रज्ञ लिहिता लिहिता थांबला. लॅबच्या बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तसा तो परत लिहायला लागला.

झालं होतं असं. रक्त तपासणारी चार यंत्रं आपापला निकाल ज्या तारांमधून संगणकाला कळवतात, त्या सगळ्या तारा संगणकातल्या एका कार्डात येऊन मिळतात. ते जुनं कार्ड जळलं. नवं आलं ते वेगळ्या जातीचं, आणि कंपनीने त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, तयार दिला नव्हता. कापड द्यावं तसा नुसता कोड दिला होता, शिवून घ्या म्हणून. तो संगणक लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतो. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, ज्या आवृत्तीचा असेल त्याच आवृत्तीचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, संगणकावर उतरवायचा आणि त्याच्या मापाने ड्रायव्हर बांधायचा, असं ते काम. थोरल्यांनी ते आयुष्यात इतक्यांदा केलं होतं, की सकाळी येताना त्यांनी बाईंना सांगितलं होतं, "चहा होईस्तोवर चालू करून देतो."

चहा होऊन गेला, दुसरा झाला, तिसरा कोणी विचारला नाही. सोर्स उतरवला, तर ड्रायव्हर बांधताना पडद्यावर ओळ आली की चालू गाभ्याचा सोर्स सापडत नाही. पुन्हा उतरवला. पुन्हा तेच. मग थोरल्यांनी हुशारी केली. जिथे सोर्स असायला हवा तिथे नव्या सोर्सकडे बोट दाखवणारा दुवा हाताने टाकून दिला. ड्रायव्हर बांधला गेला. बाईंकडे वळून ते "झालं" म्हणालेसुद्धा. आणि संगणकाने तो ड्रायव्हर आत घ्यायलाच नकार दिला. माप एकाचं आणि अंग दुसऱ्याचं. चालू गाभा बराच जुना होता आणि उतरलेला सोर्स ताजा.

याच दरम्यान हाताने लिहिताना दोन रुग्णांचे आकडे एकमेकांच्या नावावर गेले. बाईंच्या वेळीच लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर एका धडधाकट माणसाला उगाच वॉर्डात दाखल केलं असतं. तेव्हापासून बाईंनी नियम केला: लिहिणाऱ्याने लिहिलेला आकडा मोठ्याने परत वाचून दाखवायचा. आणि त्यांनी अधीक्षकांना फोन लावला. अधीक्षक आले, आणि आल्या आल्या त्यांनी वरिष्ठ लोक विचारतात तोच प्रश्न विचारला. हे कोणामुळे झालं?

थोरल्यांना त्या क्षणी एवढंच आठवलं, की मागच्या आठवड्यात या संगणकाचं अपडेट धाकटीने केलं होतं.

"हिच्या कराराचं महिनाअखेरीला बघायचंच आहे आपल्याला," अधीक्षक म्हणाले. ते ओरडणाऱ्यातले नव्हते. हळू बोलत, आणि त्यामुळे जास्त लागत असे. "तोवर असं करा, खाली नोंदणीच्या खिडकीवर माणूस कमी आहे. तिथे बसू दे. इथली किल्ली थोरल्यांकडे द्या बाई."

बाई म्हणजे आता धाकटी. तिने स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला, गळ्यातली किल्ली काढून त्याच्या शेजारी ठेवली आणि थोरल्यांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत होते. पडद्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

ती गेल्यावर अधीक्षकही गेले. थोरले कामाला लागले. आता हिचं अर्धं राहिलेलं अपडेट पुरं करावं, गाभा नवा झाला की सोर्सशी जुळेल, ड्रायव्हर बसेल, संपलं. त्यांनी आज्ञा दिली. एरवी पडद्यावरून ओळी धावतात तेव्हा ते खिडकीबाहेर बघत बसायचे. आज बघितल्या. खालून तिसरी ओळ सांगत होती, की गाभ्याची नवी आवृत्ती उपलब्ध आहे, पण गाभ्याला कुलूप असल्यामुळे ती वगळली आहे.

थोरल्यांनी ती ओळ वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

असं कुलूप लावता येतं. एखादं पॅकेज, म्हणजे संगणकातल्या प्रणालीचा एखादा भाग, आहे तसंच राहावं, अपडेटने त्याला हात लावू नये असं वाटलं, तर त्याला कुलूप लावून ठेवतात. मग बाकी सगळं नवं होत जातं आणि तेवढं एक जुनं राहतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, कोणीतरी काम अर्धवट सोडलं. थोरल्यांनी कुलूप फक्त गाभ्याला लावलेलं होतं, त्याच्या सोर्सला नाही. तेव्हा या संगणकावर सोर्स नव्हताच, मग त्याला कुलूप लावणार कशाला? म्हणून सोर्स ताजा आला आणि गाभा तसाच राहिला.

होय, थोरल्यांनीच. आठवायला वेळ लागला नाही, आणि तेच जास्त वाईट वाटलं. वडील वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात होते तेव्हाची गोष्ट. थोरले रजेवर नव्हते तरी दिवसभर वरतीच असायचे, खाटेच्या बाजूच्या लोखंडी स्टुलावर. खालचा संगणक अपडेटमुळे बिघडला आणि नेमका तेव्हा फोन वाजला तर वडिलांच्या हातातून हात सोडवून उठावं लागेल, म्हणून त्यांनी एका दुपारी खाली येऊन गाभ्याला कुलूप लावलं आणि परत वर गेले. वडील गेले. पुढे जे जे करायचं असतं ते सगळं त्यांनी नीट निभावलं. कुलूप तेवढं राहून गेलं.

इथपर्यंत त्यांची चूक कोणीही माफ करावी अशी होती. स्वतः त्यांनीही केली असती. पण आता त्यांना आठवत होते ते वडील नव्हते. "सर, मी अपडेट केलं, पण गाभा..." हे अर्धं वाक्य त्यांच्या कानात आता पुरं होत होतं.

त्यांनी काय केलं असावं? जाऊन सांगितलं? नाही. त्यांनी मागे वळून बघितलं. बाई आकडे वाचत होत्या, तंत्रज्ञ परत वाचून दाखवत होते. कोणाचंच इकडे लक्ष नव्हतं. थोरल्यांनी कुलूप काढलं, गाभा नवा करून घेतला, संगणक बंद करून सुरू केला आणि ड्रायव्हर बांधला. तो पहिल्याच फटक्यात बसला. चारही यंत्रांचे निकाल पडद्यावर आपोआप यायला लागले.

"आले," एक तंत्रज्ञ पेन खाली टाकत म्हणाला, आणि बोटं मोडली.

"थोरले ते थोरले," बाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः चहा मागवला. अधीक्षकांचा फोन आला तो बाईंनी मुद्दाम मोठ्या आवाजावर ठेवला. "अनुभव म्हणतात तो हा," अधीक्षक सांगत होते, "नव्या मुलांना नुसती घाई असते." थोरले कपाकडे बघत "हो, हो" म्हणाले. चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

लाज वाटणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं असं त्यांना वाटत होतं. शाळेत गणितात नापास झाले तेव्हा वाटली होती, लग्नात उसना कोट घातला तेव्हा वाटली होती. पण त्या वेळी लोक बघत होते म्हणून लाज होती. आज कोणीच बघत नव्हतं, सगळे कौतुक करत होते, आणि तरी आपल्याच अंगात आपल्याला बसवत नव्हतं.

घरी निघताना ते नोंदणीच्या खिडकीवरून गेले. दुसरा रस्ता होता, वाहनतळाकडून. तिकडे पाय वळलेही होते, पण मग त्यांनी ते ओढून इकडे आणले. खिडकी बंद व्हायची वेळ होती. धाकटी एकटी खुर्चीत बसून कीबोर्ड पुसत होती.

"चालू झालं," थोरले काचेच्या भोकातून म्हणाले.

"हो, कळलं." तिने फडकं घडी करून ठेवलं. मग थांबून म्हणाली, "कुलूप होतं ना, सर?"

थोरले काचेशी आणखी वाकले. "तुला माहीत होतं?"

"अपडेट करताना दिसलं ना. म्हणून तर विचारायला आले होते तुमच्याकडे. तुम्ही फोनवर होता, हाताने नंतर म्हणालात. मग नंतर मीही विसरले."

"मग काढून टाकायचंस."

"असं कसं काढणार?" ती आश्चर्याने म्हणाली. "पहिल्या दिवशी तुम्हीच नाही का सांगितलंत, दुसऱ्याने लावलेलं कुलूप त्याला विचारल्याशिवाय काढायचं नाही म्हणून. त्याला काहीतरी कारण असेल असं समजायचं. मला वाटलं, असेल काहीतरी."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर थोरल्यांना तेवढाच आधार झाला असता. "साहेबांना का नाही सांगितलंस मग?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बोलू कुठे दिलंत?" एवढं मात्र तिने त्यांच्या डोळ्यात बघून विचारलं. मग पर्स उचलली. "आणि तुमच्यासमोर तुमचं नाव कसं घेणार होते मी. जाऊ दे सर. बस चुकेल माझी."

घरी थोरल्यांची बायको पाय वर घेऊन बातम्या बघत होती. ती एका शाळेच्या कचेरीत कामाला होती आणि माणसं वाचण्यात थोरल्यांपेक्षा पुढे होती.

"आज तुमच्या त्या धाकटीचं पुराण नाही लावलंत?" तिने विचारलं. "रोज तर घरात शिरताच चालू होतं. आज हिने हे विचारलं, आज हिने ते विचारलं."

"काही नाही. यंत्र बंद पडलं होतं."

"तिच्या हातून?"

थोरले हात धुवायला गेले ते बराच वेळ नळाशीच उभे राहिले. बायकोला वाटलं, उत्तर मिळालं. "शिकतेय हो पोर ती," ती तिथूनच म्हणाली. "एखाद्या वेळी हातून होतं माणसाच्या. सांभाळून घ्यायचं. तुम्हाला नाही का त्या पहिल्या साहेबांनी सांभाळून घेतलं होतं?"

घेतलं होतं. थोरल्यांनी तरुणपणी अख्ख्या रुग्णालयाच्या नोंदी पुसल्या होत्या आणि त्या वेळच्या साहेबांनी वर "तांत्रिक बिघाड" एवढंच कळवलं होतं. थोरल्यांनी नळ बंद केला. बायकोला खरं सांगावं असं जिभेवर आलं आणि तिथेच विरघळलं. जेवताना ते एकदाही तिच्याकडे बघू शकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सरळ अधीक्षकांच्या खोलीत गेले. रस्ताभर वाक्यं जुळवली होती आणि आत गेल्यावर त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"कालचं ते," थोरले म्हणाले, "त्यात मुलीची चूक नव्हती. माझी होती. कुलूप मी लावलं होतं."

"कसलं कुलूप?"

थोरल्यांनी सांगितलं. गाभा, सोर्स, आवृत्ती, सगळं. अधीक्षक शांतपणे ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू पसरत होतं. थोरल्यांना ते हसू कळेना.

"मी ओळखतो तुम्हाला थोरले," अधीक्षक म्हणाले. "तुमच्या मनाचा मोठेपणा आहे हा. पोरीची नोकरी जाईल म्हणून स्वतःच्या अंगावर घेताय."

"नाही हो साहेब. खरंच मी..."

"असू दे, असू दे. तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत. पण कामाच्या जागी फार हळवं राहून चालत नाही." त्यांनी उठून थोरल्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दाखवा बघू मला ते कुलूप."

कुलूप कुठे होतं? काल थोरल्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं. ते तिथे उभे राहिले, खांद्यावर अधीक्षकांचा हात, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काल त्यांनी खोटं बोलून शाबासकी घेतली होती. आज खरं बोलून जास्त मिळाली. बाहेर पडताना शिपायानेही त्यांना अदबीने दार उघडून दिलं, कारण त्याने आतलं सगळं ऐकलं होतं आणि त्यालाही तसंच वाटलं होतं.

जिन्यावर थोरले कठड्याला धरून उभे राहिले. सांगून झालं होतं. कोणीही म्हटलं असतं, आता तुमची सुटका झाली, तुम्ही तर कबूल केलंत. त्यांच्या मनातही तसं एकदा येऊन गेलं. पण ज्या कामात आयुष्य गेलं त्या कामाची एक सवय त्यांच्या हाडात होती, आणि ती त्यांना सोडेना. यंत्राचा दोष सापडला असं कोणी म्हणालं, की ते धाकटीला विचारायचे, "परत घडवून दाखवतेस?" घडवून दाखवता आला तर सापडला. नाहीतर नुसतं यंत्र चालू झालंय, बाकी काही नाही.

ते खाली नोंदणीच्या खिडकीशी गेले. सकाळची वेळ, रांग थेट पायऱ्यांपर्यंत गेलेली. थोरले नेहमीच्या सवयीने थेट काचेशी जाऊन वाकले.

"काका, रांग आहे," पुढच्या माणसाने सांगितलं. त्याच्या कडेवर तापाने पेंगुळलेलं मूल होतं.

"मी इथलाच आहे," असं थोरल्यांच्या ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं आणि पायऱ्यांपर्यंत मागे गेले. मघाचा शिपाई तिथून जात होता, तो थबकला. "साहेब, आतल्या दाराने या ना." थोरले म्हणाले, "नको. बरोबर आहे इथे." रांग हलत होती. पुढे एक आजी प्रत्येक वेळी आपली पिशवी दोन पावलं पुढे ठेवत आणि मग तिच्यामागे स्वतः जात. धाकटीचा आवाज अधूनमधून ऐकू येत होता. नाव. वय. कोणाला दाखवायचंय. ऐकू आलं नाही म्हणणाऱ्याला ती तेच पुन्हा विचारत होती, पहिल्याइतक्याच सुरात.

त्यांची पाळी आली तेव्हा तिची मान खालीच होती. "नाव?" मग वर बघितलं. "सर? तुम्ही रांगेत काय करताय?"

"मी साहेबांना सांगितलं," थोरले म्हणाले. मागे माणसं होती. ती ऐकत होती. ऐकू देत, असं त्यांनी ठरवलं. "की चूक माझी. त्यांना वाटलं मी तुला वाचवायला बोलतोय."

धाकटीला हसू आलं आणि तिने ते आवरलं नाही. "मग?"

"मग परत घडवून दाखवू. दुपारी यंत्र रिकामं असतं. मी कालच्या सकाळसारखं करून ठेवतो सगळं. तू वर ये. खुर्चीत तू बस, आणि काय दिसतं ते एकेक करून त्यांना सांग. मी सांगितलं तर त्यांना परत मोठेपणा दिसेल."

"मी यायचं म्हणजे साहेबांचा हुकूम..."

"ते मी बघतो. येशील ना?" त्यांनी विचारलं, आणि आपण हिला आजवर कधी काही विचारलंच नव्हतं, नुसतं सांगत आलो, हे त्यांच्या लक्षात आलं.

तिने समोरचा कागद बाजूला सरकवला. "येते," म्हणाली. "आता सरका सर, मागे लोक आहेत."

चालू झालेलं यंत्र बंद पाडायला अधीक्षक सहजासहजी कसले तयार होतात. ते तयार झाले बाईंमुळे. बाईंनी थोरल्यांचा चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "हे परत होणार असेल तर मला आत्ताच बघायचंय. कालसारखे दोन माणसांचे आकडे परत बदलले तर मी जबाबदार नाही." दुपारचे नमुने यायच्या आधीची वेळ ठरली. थोरल्यांनी संगणक जुन्या गाभ्यावर सुरू केला, नवा गाभा काढून टाकला, आणि मग कुलूप पुन्हा लावलं. ती एवढीशी आज्ञा टाइप करताना त्यांची बोटं दोनदा चुकली. वडिलांच्या वेळी चुकली नव्हती.

धाकटी आली. थोरल्यांनी खुर्ची तिच्यासाठी मागे ओढली आणि स्वतः पाठीमागे जाऊन उभे राहिले, जिथे काल ती उभी होती. तिथून पडदा थोडा तिरका दिसतो हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

"हे बघा साहेब," धाकटी म्हणाली, "आत्ता संगणक कुठल्या गाभ्यावर चालतोय ते हे. आणि सोर्स हा. आवृत्ती वेगळी आहे, म्हणून ड्रायव्हर बसत नाही. काल सकाळी असंच होतं." तिने ड्रायव्हर बांधून दाखवला, आणि संगणकाने तो कालसारखाच नाकारला. चारही यंत्रांच्या निकालाच्या जागा रिकाम्याच राहिल्या. बाईंनी कपाळाला हात लावला.

"आता मी पुरं अपडेट करते. मागच्या आठवड्यात केलं तसंच." ओळी धावल्या. ती बोट रोखून वाट बघत राहिली आणि खालून तिसरी ओळ आली तसं तिने बोट टेकवलं. "हे. गाभ्याला कुलूप आहे म्हणून वगळला. मी कितीही वेळा केलं तरी वगळणारच."

अधीक्षकांनी पुढे वाकून ती ओळ वाचली. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. "हे कोणी लावलंय?"

"असेल कोणीतरी लावलं," धाकटी पडद्याकडेच बघत म्हणाली. "जुनं आहे. मी यायच्या आधीचं."

ती त्यांना वाट करून देत होती. सरळ निघून जाता येईल अशी. थोरल्यांची कानशिलं तापली.

"कोणीतरी नाही," ते म्हणाले. "मी लावलं, आणि विसरलो. काल सकाळी मला ते ठाऊक नव्हतं. दुपारी कळलं. कळल्यावर मी गुपचूप काढून टाकलं आणि बाईंचा चहा प्यालो. ही खाली बसली होती, आणि मी चहा प्यालो."

अधीक्षकांचं हसू मघाशीच कुठेतरी गळून पडलं होतं. त्यांनी थोरल्यांकडे बघितलं ते ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं नव्हतं. थोरल्यांना ती नजर झेलायची होती, त्यासाठीच तर ते आले होते, तरी त्यांची मान खाली गेलीच. त्यांना आपले बूट दिसले. उजव्याची लेस सुटली होती.

"किल्ली द्या तिची तिला परत," अधीक्षक शेवटी म्हणाले, नेहमीसारखंच हळू. "तुमच्याशी मी नंतर बोलतो." आणि ते दारापाशी जाऊन थांबले, निघाले नाहीत.

धाकटीने आज्ञा टाइप केली होती. बोट कळीवर होतं, पण दाबलं नाही. ती खुर्चीतच वळली.

"सर," तिने विचारलं, "कुलूप तुमचं आहे. काढू?"

सगळे थोरल्यांकडे बघत होते. तिने ते मुद्दाम विचारलं की सवयीने, हे त्यांना तिच्या तोंडावरून कळेना. काहीही असो, शिकवलं त्यांनीच होतं.

"काढ," थोरले म्हणाले.

तिने काढलं. नवा गाभा यायला लागला, त्याला थोडा वेळ लागणार होता. तेवढ्यात दुपारचे नमुने आले. बाईंनी तपासणी यंत्राशी जाऊन चष्मा लावला आणि आकडे वाचायला घेतले. एक तंत्रज्ञ जेवायला गेला होता, लिहायला माणूस कमी होता. थोरल्यांनी टेबलावरचं पेन उचललं आणि त्याच्या स्टुलावर जाऊन बसले.

"सोडियम एकशे अडतीस," बाई म्हणाल्या.

थोरल्यांनी लिहिलं, आणि नियमाप्रमाणे सगळ्यांना ऐकू जाईल असं परत वाचून दाखवलं.